आवाजाला दार उघडं होतं

जानेवारीचा शेवटचा आठवडा, सॉल्ट लेकमधलं करुणामयी, कोलकात्याचा पुस्तकमेळा. दुपारपासून फिरून तुमच्या पायांचे तुकडे पडलेत. सेक्टर फाइव्हमधल्या नोकरीपायी बंगाली अक्षरओळख झालीय, रोजचं बोलणं कळतं, म्हणून धीर करून तुम्ही एक पुस्तक उचललंय: 'सबारे आमि नमि', काननदेवींचं आत्मचरित्र, १९७३ सालचं. काननदेवी म्हटल्यावर तुम्हाला 'तूफान मेल' आठवतं. आजोबा दाढी करताना ते गुणगुणायचे. त्यापलीकडे तुम्हाला काही ठाऊक नाही, आणि त्यापलीकडचंच बघायला आज निघायचंय.

जिना चढून मेट्रो स्टेशनवर या. इथली मेट्रो खांबांवरून धावते, त्यामुळे खिडकीतून निम्मं सॉल्ट लेक दिसतं. ऑगस्ट २०२५पासून ही गाडी हुगळीच्या पात्राखालून थेट हावडा मैदानापर्यंत जाते. कानन हावड्याची. तिच्यापर्यंत पोचायला याहून सरळ वाट नाही.

गाडी सुटते आणि सालं मागे सरकू लागतात. सिटी सेंटर जातं. १९८४मध्ये उघडलेलं अवाढव्य स्टेडियम जातं. बंगले, बागा, अक्षरांच्या नावांचे ब्लॉक, सगळं जातं. १९६२मध्ये क्षणभर लांबच लांब पाइप दिसतात. तेव्हाचे मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांनी युगोस्लाव्हियाच्या कंपनीला हाताशी धरून हुगळीचा गाळ या दलदलीत ओतायला घेतला, ते हे पाइप. मग तेही जातात आणि पाणी उरतं. पसरट, मचूळ पाणी, मधून घातलेले मातीचे बांध, जाळी टाकून उभे असलेले मच्छीमार. १९२६ साली करुणामयी म्हणजे माशांची तळी आहेत. तुम्ही जिथे रोज ऑफिसचा डबा खाता ती माती अजून नदीच्या तळाशी आहे.

फूलबागानपासून गाडी जमिनीखाली शिरते. पुढच्या प्रवासात तुम्हाला सगळं दिसेल, ऐकू येईल. तुम्ही मात्र कुणाला दिसणार नाही, कुणाशी बोलता येणार नाही, कुणाला सावध करता येणार नाही. हे आधीच मनाशी पक्कं करा, कारण काही ठिकाणी ओरडावंसं वाटेल.

हावड्याला वर आलात की कोळशाचा धूर नाकात जातो. ज्यूट गिरण्यांचे भोंगे, उघडी गटारं, घोडागाड्या. आजचा तो प्रचंड पूल अजून नाही, होड्यांवर तरंगणारा जुना पूल आहे. एका घराच्या मागच्या अंगणात दहाएक वर्षांची मुलगी भांडी घासते आहे. शेजारी तिची आई राजोबाला. या दोघी या घराच्या नात्यातल्या आहेत आणि या घराच्या मोलकरणीही आहेत. मुलगी ज्यांना बाप म्हणते ते रतनचंद्र दास वारले, डोक्यावर कर्ज ठेवून गेले, त्यानंतर मायलेकींना इथे आसरा मिळाला तो या अटीवर.

मुलगी २२ एप्रिल १९१६ची. तिचा खरा बाप कोण, तिच्या आईचं लग्न झालं होतं की नाही, यावर हे शहर पुढची कित्येक वर्षं चघळत बसणार आहे. तिने स्वतः आई-वडील मानलं ते राजोबालाला आणि रतनचंद्रांना. गाण्याची गोडीही तिला त्या बापानेच लावली. हातातली राख धुताना ती काहीतरी गुणगुणते. नीट ऐका. आवाज अजून कच्चा आहे, पण सूर जागच्या जागी आहे.

अपमान सोसवेना तेव्हा मायलेकी ते घर सोडतात. भाड्याची खोली, खायचे वांधे. अशात ओळखीचे तुलसी बॅनर्जी, ज्यांना ती काकाबाबू म्हणते, तिला मदन थिएटर्सकडे घेऊन जातात. मुंबईहून आलेल्या जमशेदजी फ्रामजी मदन या पारशी माणसाने उभारलेली ही कंपनी. ब्रह्मदेशापासून वायव्य सरहद्दीपर्यंत तिची थिएटरं आहेत. तुम्हीही त्यांच्या मागोमाग चला. 'जयदेव' नावाचा मूकपट चालू आहे, दिग्दर्शक ज्योतिष बॅनर्जी, आणि राधेच्या कामासाठी लहान मुलगी हवी आहे. उन्हाच्या तिरिपेत कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवला जातोय. तोंडाला जाड रंग फासलेली कानन सांगितलं तसं बघते, सांगितलं तशी मान वळवते. गाता येणारी मुलगी, आणि चित्रपट मुका.

कामाचे पंचवीस रुपये ठरलेत. तिच्या हातात पाच येतात.

बाकीचे वीस कुठे गेले ते शोधण्यात वेळ दवडू नका. या धंद्यात पोरीबाळींचे पैसे असेच वाटेत गळतात, आणि विचारायला जाणारी आई भांडी घासणारी असेल तर तिला दारातूनच परत पाठवतात. आकडा तेवढा लक्षात ठेवा. पंचवीसपैकी पाच. घरात चूल पेटायला तेवढेही पुरले म्हणून ती परत कामाला आली.

आता पाच वर्षं पुढे. १९३१. बोलपट आला. सेटवर पंखे बंद, कारण त्यांची घरघर माइकात जाते. कॅमेरा आवाज बाहेर येऊ नये म्हणून पेटीत कोंडलेला. प्रखर दिव्यांखाली माणसं घामाने निथळताहेत, कुणी खोकलं तरी सगळे वळून बघतात. कानन पंधरा वर्षांची आहे आणि 'जोरबरात'ची नायिका आहे. एका प्रसंगात नायक पुढे येतो आणि अचानक तिच्या ओठांचं चुंबन घेतो. नायकाला तसं सांगून ठेवलेलं आहे. तिला कुणीही काहीही सांगितलेलं नाही. कॅमेरा चालू आहे. तिच्या चेहऱ्यावर आलेला धक्का त्यांना हवाच होता.

इथेच तुम्हाला ओरडावंसं वाटेल, असं मी म्हटलं होतं.

चाळीस वर्षांनी ती हे आत्मचरित्रात लिहिते. तुमच्या पिशवीतल्या पुस्तकात ते आहे. त्या काळातल्या सिनेमाच्या इतिहासात त्या प्रसंगाची नोंद धाडसी दृश्य म्हणून होत आली. धाडस कुणाचं, ते त्या पोरीकडे बघितल्यावर वेगळं सांगावं लागत नाही. आणि हे एकदाच होऊन थांबलं नाही. १९३५च्या 'वासवदत्ता'त तिच्या मनाविरुद्ध तिचं अंग उघडं दाखवण्यात आलं. मधल्या काळात तिने 'प्रह्लाद'मध्ये नारद केला, 'विष्णुमाया'त पुरुषवेषात देव केला, राधा फिल्म कंपनीच्या 'मानमयी गर्ल्स स्कूल'ने ती घरोघर माहीत झाली. राधा फिल्मशी करार होता, म्हणून प्रमथेश बारुआंच्या 'देवदास'मधली पार्वती तिच्या हातून गेली. बारुआंना तीच हवी होती. भूमिका जमुनेने केली.

करार हा प्रकार त्या काळी सगळीकडेच पोरींना बांधून घालायला वापरला जात होता. याच सुमारास अमेरिकेत नीना मे मॅकिनी नावाची कृष्णवर्णीय मुलगी आहे. १९२९च्या 'हॅलेलुया'मध्ये ती नाचली, गायली, आणि हॉलीवूडचं डोकं फिरलं. एमजीएमने तिच्याशी पाच वर्षांचा करार केला. एका मोठ्या स्टुडिओने कृष्णवर्णीय नटीला असं बांधून घेणं ही तेव्हा नवलाची गोष्ट होती. मग करार कपाटात पडून राहिला. तिला द्यायला त्यांच्याकडे भूमिकाच नव्हत्या, कारण नायकाच्या शेजारी काळी मुलगी उभी करायची कुणाची तयारी नव्हती. ती युरोपात गेली, तिथल्या क्लबांत गायली. तिचं गाणं कुणी नाकारलं नाही. कानन आणि नीना यांना एकमेकींचं नावही ठाऊक नसेल, पण दोघींच्या पुढ्यात मांडलेला सौदा एकच होता: आवाज दे, चेहरा दे, बाकीची तू आम्हाला नकोस.

एस्प्लनेडला गाडी बदला आणि टॉलीगंजला उतरा. १९३७. न्यू थिएटर्सच्या फाटकावर हत्तीचं बोधचिन्ह आहे. बिरेंद्रनाथ सरकारांनी ही संस्था १९३१मध्ये काढली, आणि मराठी माणसाला ती समजावून सांगायची तर 'प्रभात'ची बंगाली बहीण म्हणायची. या वर्षी तिकडे पुण्यात 'कुंकू' तयार होतोय, शांता आपटे नीराच्या भूमिकेत आहेत. इकडे 'मुक्ती' होतोय. नायक आणि दिग्दर्शक बारुआ, संगीत पंकज मल्लिक, आणि नायिका अखेर कानन.

एका खोलीत हार्मोनियम घेऊन पंकज मल्लिक बसलेत. समोर कानन, मांडीवर वही. गाणं रवींद्रनाथांचं आहे. तोवर ही गाणी शांतिनिकेतनात, ब्राह्मो समाजाच्या उपासनेत, शिकल्या-सवरलेल्या घरांच्या दिवाणखान्यात गायली जात. चित्रपटात ती घ्यायला मल्लिकांनी खुद्द कवीची परवानगी मिळवलीय. कानन एक ओळ म्हणते. लखनौच्या उस्ताद अल्लारखांकडे आणि पुढे भीष्मदेव चट्टोपाध्यायांकडे गिरवलेलं गाणं गळ्यात आहे, त्यामुळे ओळीच्या शेवटी एक छोटीशी हरकत आपसूक येते. मल्लिकांचा हात भात्यावर थांबतो. ती पुन्हा म्हणते. आता हरकत नाही, नुसता शब्द आणि त्याखाली स्वर. तिसऱ्यांदा शब्दाचं टोकही मऊ झालेलं असतं.

ही तालीम नेमकी अशीच झाली असेल असा माझा दावा नाही, पण ध्वनिमुद्रिका ऐकल्या की त्यामागचं काम कळतं. रंगभूमीवरच्या गायिकेला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकावा लागे. कानन माइकसाठी गाते. तिला कुणापर्यंत पोचायची घाई नाही, ऐकणारा हातभर अंतरावर बसलाय असं धरून ती गाते. स्वर गोल, किंचित जाड, शब्द स्वच्छ. आपल्याकडे बालगंधर्वांसारख्या गंधर्वाला १९३५च्या 'धर्मात्मा'त पडद्याशी जमवून घेणं जड गेलं. नाट्यगीताचा आवाका पडद्यात मावत नव्हता. पडद्यावरचं गाणं ही वेगळी कला आहे, आणि ती घडवणाऱ्या पहिल्या काही गळ्यांत काननचा गळा आहे. तेव्हा नटी स्वतःच गात असे म्हणून तिला गायिका म्हणायचं, असं हे प्रकरण नाही. उलट पार्श्वगायनाचं तंत्र याच न्यू थिएटर्सने १९३५मध्ये आणलं होतं. काननला उसन्या गळ्याची गरज पडली नाही.

त्याच वर्षी देवकी बोस 'विद्यापती' करतात. पहाडी सन्याल कवी, पृथ्वीराज कपूर राजा, के. सी. डे, संगीत राईचंद बोराल यांचं, आणि अनुराधेच्या भूमिकेत कानन. पुढच्या वर्षी सैगलबरोबर 'स्ट्रीट सिंगर'. मग 'सपेरा', काझी नझरुल इस्लामच्या कथेवरचा. नझरुलने तिला गाणी शिकवली आहेत. आता रस्त्यावर तिच्या तसबिरी विकल्या जातात. तिच्यासारखे झुबे, तिच्यासारखं ब्लाउज, तिच्यासारखी केसांची ठेवण. काननबालाची काननदेवी झाली आहे.

याच टॉलीगंजच्या परिसरात चार-पाच वर्षांपूर्वी आलात तर तुम्हाला मराठी ऐकू येईल. दुर्गाबाई खोटे इथे येऊन 'राजरानी मीरा' आणि 'सीता' करून गेल्या, दोन्ही देवकी बोसांचे. दुर्गाबाईंनी स्वतः फार सोसलं, त्यांचं मोठेपण तीळभरही कमी नाही. पण त्या लाड सॉलिसिटरांच्या कन्या, खोटे घराण्याच्या सूनबाई. त्या पडद्यावर आल्या तेव्हा लोक म्हणाले, घरंदाज बाई सिनेमात आली, सिनेमाला प्रतिष्ठा आली. तोच दिग्दर्शक, तसेच दिवे, तशीच भक्तिभावाची भूमिका काननने केली, तेव्हा प्रतिष्ठेचा हिशोब कुणी मांडला नाही. तिच्यामागे सॉलिसिटर नव्हता. ज्या बायकांच्या पदरात घराणं नव्हतं त्यांच्या कष्टांवर हा धंदा उभा राहिला, हे आपण मराठी सिनेमाच्या इतिहासातही पुरेशा मोठ्याने म्हणत नाही.

डिसेंबर १९४०. काननचं लग्न आहे. नवरा अशोक मैत्र, प्राचार्य हेरंबचंद्र मैत्रांचा मुलगा. हेरंबबाबू १९३८मध्ये वारले. ब्राह्मो समाजातलं मोठं नाव, सिटी कॉलेजचे प्राचार्य, सचोटीला आणि सोवळेपणाला इतके कडक की त्यांची एक गोष्ट कोलकात्यात अजून सांगतात. रस्त्यात कुणीतरी त्यांना स्टार थिएटर कुठे आहे म्हणून विचारलं. नाटकाच्या नावानेच चिडून ते ठाऊक नाही म्हणाले आणि पुढे गेले. मग खोटं बोललो हे मनाला लागलं, मागे फिरले, त्या माणसाला गाठलं आणि सांगितलं: ठाऊक आहे, पण सांगणार नाही.

त्या घरात सिनेमानटी सून म्हणून आली. शहर पेटलं. चहाच्या दुकानात, वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत, ब्राह्मोंच्या बैठकांत हाच विषय. रवींद्रनाथांनी नवदांपत्याला आशीर्वादाची भेट पाठवली, तर लोकांनी त्यांनाही सोडलं नाही. वयाच्या ऐंशीत टेकलेल्या, आजारी कवीला या कारणावरून बोल लावले.

तुम्ही आत्ता ज्या दिवाणखान्याच्या खिडकीशी उभे आहात तिथे आत ग्रामोफोन वाजतोय. तबकडी 'मुक्ती'ची आहे. घरातल्या बायका डोळे मिटून ऐकताहेत. त्यांच्याच समाजाच्या कवीचं गाणं, तिच्या गळ्यातलं, त्यांच्या मुलींना पाठ झालेलं. आणि तबकडी संपताच याच खोलीत तिच्या लग्नावर ताशेरे सुरू होतात. मला या सगळ्या कहाणीत यापेक्षा संताप आणणारी गोष्ट सापडलेली नाही. आवाजाला दार उघडं होतं, बसायला गालिचा होता. बाईला उंबऱ्याबाहेर ठेवलेलं होतं.

मैत्रांच्या घरातल्या सगळ्याच माणसांनी तिला झिडकारलं असं मात्र नव्हे, आणि हे सांगायलाच हवं. नणंद राणी महालनवीस, म्हणजे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनवीसांच्या पत्नी, आणि सासूबाई यांच्याशी तिचं मायेचं नातं जुळलं आणि लग्न मोडल्यावरही टिकलं. लग्न मोडलं १९४५मध्ये. तिने सिनेमात काम करू नये ही अपेक्षा होती, आणि ती पुरी करणं तिला शक्य नव्हतं. नवऱ्याबद्दल तिने पुढे कृतज्ञतेनेच लिहिलं, की समाजात बायको म्हणून मान त्यांनी दिला. तिच्या जागी मी असतो तर इतकं मोठं मन झालं नसतं.

परत एस्प्लनेडला या. १९४३चा हिवाळा. दिव्यांना काळे कागद, आकाशात विमानांची घरघर. गेल्याच वर्षी 'जवाब' आला. कमल दासगुप्तांनी बांधलेलं 'तूफान मेल' लाहोरपासून मद्रासपर्यंत वाजतंय. न्यू थिएटर्सशी तिचा करार १९४१मध्ये संपला, आता ती स्वतःच्या अटींवर काम करते. पानाच्या ठेल्यावरच्या ग्रामोफोनमधून तेच गाणं येतं आणि त्याच फूटपाथवर, ठेल्यापासून चार हातांवर, खेड्यातून आलेलं एक कुटुंब निजलेलं आहे. त्यातली दोन माणसं परत उठणार नाहीत. बंगालच्या या दुष्काळात तीसेक लाख माणसं गेली असं मानतात. गाण्याच्या सोनेरी काळाच्या गप्पा मारताना हा फूटपाथ नजरेआड करता येत नाही, म्हणून इथे थोडं थांबा.

मग रस्ता ओलांडा. चौरंगीवर ग्रँड हॉटेल. आत टेडी वेदरफोर्डचा बँड वाजतोय. शिकागोत नाव काढलेला हा कृष्णवर्णीय पियानोवादक शांघाय करून, मुंबईच्या 'ताज'मध्ये वाजवून इथे आला. पियानोवर त्याचे हात पडतात तेव्हा अख्खी खोली हलते. २५ एप्रिल १९४५ला तो याच शहरात पटकीने मरणार आहे. बाहेर चौरंगीवर अमेरिकी सैनिक फिरताहेत, त्यांत कितीतरी कृष्णवर्णीय. आसामातून बर्माकडे जाणारा लेडो रस्ता बांधणाऱ्या अमेरिकी सैनिकांत बहुसंख्य तेच आहेत. हिटलरविरुद्ध लढणाऱ्या या सैन्यात काळ्यांच्या आणि गोऱ्यांच्या तुकड्या वेगळ्या आहेत.

त्यांच्या मुलखात यंदा लीना हॉर्नचं नाव गाजतंय. 'स्टॉर्मी वेदर' आणि 'केबिन इन द स्काय', दोन्ही १९४३चे. कृष्णवर्णीय सैनिकांच्या बराकींत तिचीच छायाचित्रं आहेत. एमजीएमने तिच्याशी लांबलचक करार केला आणि एक युक्ती काढली. गोऱ्यांच्या चित्रपटांत तिला झकास पोशाख घालून खांबाशी उभी करायची, एक गाणं म्हणवून घ्यायचं आणि कथेतल्या कुठल्याही पात्राशी तिचा संबंध येऊ द्यायचा नाही. म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या थिएटरांत चित्रपट गेला की तेवढा तुकडा कापून टाकता येतो आणि गोष्ट कुठेही अडखळत नाही. पुढे सैनिकांसमोर गायला गेली तेव्हा पुढच्या रांगांत जर्मन युद्धकैदी आणि त्यांच्या मागे कृष्णवर्णीय सैनिक बसवलेले तिने पाहिले, आणि ती खाली उतरून मागच्या रांगांकडे गेली.

अमेरिकेत बाई आणि तिचं गाणं एकदमच कापलं जायचं. कोलकात्यात गाणं ठेवून बाई कापली. कात्री कुठून चालवायची एवढाच फरक, आणि कात्री दोन्हीकडे अतिशय सभ्य, सुशिक्षित माणसांच्या हातात होती.

आता पुढचा टप्पा, आणि हा मला सगळ्यांत प्रिय आहे. १९४७मध्ये काननदेवी इंग्लंड-अमेरिकेचा दौरा करून येतात, तिथले स्टुडिओ बघतात. परतल्यावर स्वतःची निर्मितीसंस्था काढतात, 'श्रीमती पिक्चर्स'. पहिला चित्रपट १९४९चा 'अनन्या'. दिग्दर्शक म्हणून पडद्यावर 'सव्यसाची' हे नाव येतं. तो एका माणसाचा नव्हे, एका गटाचा शिक्का आहे आणि त्या गटात त्या स्वतः आहेत. त्याच वर्षी त्यांचं दुसरं लग्न होतं, पश्चिम बंगालच्या राज्यपालांचे एडीसी हरिदास भट्टाचार्य यांच्याशी. हरिदासबाबू नोकरी सोडून चित्रपटाकडे वळतात आणि पुढे श्रीमती पिक्चर्सचे चित्रपट दिग्दर्शित करतात. नवरा बायकोच्या धंद्यात शिरला, तेही १९५०च्या आसपास. याचं नवल तेव्हाच्या कोलकात्याला वाटलंच असणार.

१९५०च्या सेटवर चला. 'मेजदिदी', शरच्चंद्रांची कथा. हृषीकेश मुखर्जींनी पुढे मीनाकुमारीला घेऊन केलेला 'मझली दीदी' तुम्ही पाहिला असेल. आई मेलेला पोरगा सावत्र बहिणीच्या घरी आसऱ्याला येतो. तिथे त्याला अन्नाच्या बदल्यात राबवून घेतात. घरातली मधली जाऊ त्याला पोटाशी धरते आणि त्याच्यासाठी सगळ्या घराशी भांडते. ती मधली जाऊ काननदेवी करताहेत. पैसा त्यांचा, निवड त्यांची. पोराच्या हातात भांड्यांचा ढीग देण्याचा प्रसंग लावलेला आहे. काननदेवी दिव्यांपलीकडे उभ्या राहून बघताहेत. त्यांच्या चेहऱ्यावर काय आहे ते वाचायचा प्रयत्न करू नका. प्रसंग झाला की त्या पोराला जवळ बोलावून केस पुसायला पंचा देतात आणि पुढची तयारी सांगायला वळतात.

शरच्चंद्र त्यांनी धरून ठेवला. 'दर्पचूर्ण', 'नवविधान', १९५९चा 'इंद्रनाथ श्रीकांत ओ अन्नदादिदी', १९६५चा 'अभया ओ श्रीकांत'. शरच्चंद्रांच्या बायका म्हणजे समाजाने ओवाळून टाकलेल्या आणि तरी सगळ्यांना जेवू घालणाऱ्या. निर्मातीला त्यांच्याबद्दल काय वाटत होतं ते या निवडीतच आहे.

आणि 'महिला शिल्पी महल'. म्हातारपणी कुणी वाली नसलेल्या नट्यांसाठी काढलेली ही संस्था, अध्यक्ष काननदेवी. जिने एके काळी थिएटरं भरली ती आता भाड्याच्या खोलीत औषधाला महाग आहे, अशा बायका कोलकात्यात ढिगाने होत्या. मूकपटाच्या काळातल्या किती जणींची नावंही उरली नाहीत. एका दुपारी बैठकीत जाऊन बसा. टेबलावर अर्ज आहेत, कुणाचा मोतीबिंदू, कुणाचं तीन महिन्यांचं थकलेलं भाडं. पैसा नाटकांचे प्रयोग करून उभा करायचा, त्यासाठी कोण काम करील, हॉल कुठला मिळेल, याची चर्चा चाललीय. इथे रडारड नाही, हिशोब आहे. आपल्याकडे विठाबाई नारायणगावकरांसारख्या तमाशासम्राज्ञीची अखेर पैशांच्या ओढाताणीत झाली, तीही २००२ साली. कलावंत बाईला टाळ्या देणं आणि तिच्या औषधाचं बिल भरणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट करणारी माणसं तेव्हाही थोडीच होती. काननदेवींनी ती वर्षानुवर्षं केली.

१९६८मध्ये पद्मश्री. १९७६चा दादासाहेब फाळके पुरस्कार. शेवटचा थांबा तिथेच घ्या.

फाळक्यांच्या नावाचा पुरस्कार या बाईला मिळणं यात मराठी माणसाने थोडं जास्त गुंतावं असं मला वाटतं. १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी फाळक्यांनी तारामती शोधली, तेव्हा कुठलीही बाई तयार होईना. वेश्यावस्तीतल्या बायकांनीही नकार दिला. शेवटी उपाहारगृहात काम करणारे साळुंके मिशी काढून तारामती झाले. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई उभ्या राहिल्या, तेव्हा कुठे भारतीय पडद्यावर बाई आली. दुर्गाबाईही नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, मुलीला घेऊन पोटासाठी नाटकमंडळीत शिरलेल्या. तेरा वर्षांनी हावड्यातल्या एका राजोबालाची मुलगी मदन थिएटर्सच्या दारात गेली, तीही पोटासाठीच. मायलेकींच्या या दोन जोड्यांच्या मधे अख्खा देश आहे, आणि कारण एकच आहे.

पुरस्कार घेताना काननदेवी साठी ओलांडलेल्या आहेत. पांढरी साडी, सरळ पाठ. १७ जुलै १९९२ला त्या गेल्या. २०११मध्ये टपालखात्याने त्यांचं तिकीट काढलं. आता 'विद्यापती' मिळवून बघा, मग 'मुक्ती'. 'तूफान मेल' सगळ्यांत शेवटी ऐका. तोवर तुम्हाला त्या आवाजामागची बाई ओळखू येईल, आणि पिशवीतल्या पुस्तकाची पहिली पानं अक्षर लावत लावत का होईना, वाचून झालेली असतील.